मिळगू जिथे बसली

१

तीन क्रमांकाच्या डबीचं वजन एकेचाळीस पूर्णांक दोन ग्रॅम भरायला हवं होतं. ते चौतीस पूर्णांक सहा भरलं. मी काटा पुसला, खिडकी लावून घेतली, कारण शिगूरच्या पठारावर दुपारी वारा सुटतो आणि त्या वाऱ्यानंही आकडा हलतो. पुन्हा वजन केलं. चौतीस पूर्णांक सहा.

आमची एक गोळी एक पूर्णांक एक ग्रॅमची. म्हणजे सहा गोळ्या कमी होत्या.

गोळ्या मेणाच्या. त्यांच्या आत जांभळ्या दाण्यांचं शेतीचं औषध. ते विकायला बंदी आहे, तरी इथे गोठ्यागोठ्याच्या आढ्याला त्याची पुडी सापडते. वाघानं गाय मारली की कुणीतरी ते गाईच्या जखमेवर चोळतं. वाघ परत येतो, खातो. मग घारी, कोल्हे, कावळे. आमच्या शाळेत बेवारस कुत्र्यांच्या निवाऱ्यातून आणलेल्या सहा कुत्र्यांना आम्ही ते औषध हुंगून शोधायला शिकवत होतो. सापडलं की कुत्र्यानं भुंकायचं नाही, तोंड लावायचं नाही, नुसतं बसायचं. त्याला आम्ही बैठक म्हणतो; बैठकीचं बक्षीस चेंडू. दाणे कुत्र्याच्या नाकात उडू नयेत म्हणून ते मेणात घालायचे, ही कल्पना माझी. मी रसायनशास्त्र शिकले आहे; शाळेतली औषधं, वजनं आणि परीक्षा माझ्याकडे असत.

डब्या मी दर तीन महिन्यांनी तोलते. मागच्या खेपेला वजन बरोबर होतं. कपाटाची किल्ली माझ्या टेबलाच्या खणात असायची आणि खणाला कुलूप नव्हतं. आम्ही चौघंच होतो, त्यामुळे ते असावं असं कधी वाटलं नाही.

बारा दिवसांपूर्वी आनैपळ्ळम गावाच्या ओढ्यात एक वाघीण मेली होती, दोन पिल्लांसकट. तिसरं पिल्लू सापडलं नव्हतं. गाईत विष घातल्याबद्दल गाईचा मालक जडैयन उटीच्या तुरुंगात होता. आणि ते विष शोधून काढलं म्हणून आमच्या मिळगू कुत्रीचा फोटो पेपरात आला होता.

मी डबी बंद करून जागेवर ठेवली. ते विष जडैयनच्या गोठ्यातलं नसून माझ्या कपाटातलं असेल, हा विचार मनात आला, आणि आल्यावर गेला नाही.

२

"या, डॉक्टरम्मा," रेंजर वेल्लिंगिरी म्हणाले. "मिळगूबाईंनी पाठवलं का? हल्ली पेपरात आमच्यापेक्षा त्यांचेच फोटो जास्त."

"मला गाईचे फोटो बघायचेत. परीक्षेच्या कागदांना जोडायला."

हे खोटं होतं, आणि मला खोटं बोलायला वेळ लागतो. त्यांनी वर बघितलं. मग काही न विचारता फाइल पुढे सरकवली.

गाय उजव्या कुशीवर पडलेली. मानेवर वाघिणीच्या सुळ्यांच्या खुणा. त्याशिवाय तीन चिरा: खांद्यामागे, बरगड्यांवर, पोटावर. तिन्ही सरळ, तिन्ही सारख्या लांबीच्या, दोन चिरांमध्ये वीतभर अंतर.

"विष घालणारे असं चिरतात?" मी विचारलं.

"नाही हो. जखम वाघानं केलेली असतेच. तिथेच चोळतात आणि पळतात. हात थरथरत असतात त्यांचे. ह्यानं मात्र निवांत काम केलंय. म्हणून तर मला जास्त राग आला."

"जडैयन काय म्हणतो?"

"गोठ्यातले दाणे केळीच्या किडीसाठी होते म्हणतो. पण टपरीवर दहा जणांसमोर बोलला होता, ह्या वाघिणीला मीच संपवणार म्हणून. त्याची ही तिसरी गाय गेली. सोमवारी कागद कोर्टात देतोय. गेला आत सात वर्षं."

"गाईचं काही शिल्लक आहे?"

"राख. गाय, वाघीण, पिल्लं, सगळं नियमाप्रमाणे जाळलं. प्रयोगशाळेचा कागद आहे. तेच औषध. गेल्या महिन्यातल्या बोकडात होतं तेच."

बोकडाची गोष्ट मला आठवायला नको होती. रानकुत्र्यांसाठी कुणीतरी विष घालून टाकलेला तो बोकड गावाच्या दुसऱ्या टोकाला पडला होता. मिळगूची ती खऱ्या रानातली पहिली वेळ. ती त्याच्याजवळून सरळ चालत गेली. मी वहीत लिहिलं, 'वारा प्रतिकूल असावा.' तिच्या अंतिम परीक्षेच्या कागदावर सही करणं मी तेव्हापासून तीनदा पुढे ढकललं होतं.

"त्या सकाळी तुम्ही गाईकडे कसे गेलात?" निघताना मी विचारलं.

"तुमच्या कुत्र्यांच्या मास्तरांचा, सुबेदारांचा, आदल्या संध्याकाळी फोन आला. गाय पडलीय, लोकांनी डबे वाजवून वाघिणीला डोंगरापलीकडे घालवलंय, सकाळी सहाला या, कुत्रीला घेऊन तपासू. गेलो तर कुत्री गाईपाशी जाऊन बसली, आणि तीस पावलांवर ओढ्यात वाघीण आडवी." त्यांनी फाइल मिटली. "पिल्लं तिच्या पोटाला चिकटून होती, डॉक्टरम्मा. मला वाटलं झोपलीत."

परत येऊन मी दोन्ही दिवसांच्या नोंदी काढल्या. बोकडाच्या दिवशी वारा बोकडाकडून कुत्रीकडे होता. प्रतिकूल नव्हताच. मी वाऱ्याची नोंद न बघता ते लिहिलं होतं. तेच औषध, तीच कुत्री, आणि पहिली वेळ दुसरीपेक्षा सोपी.

मग गाईजवळ ती नेमकी कशासाठी बसली?

३

कोकिला अंगणात कुत्र्यांचा भात ढवळत होती. कुत्र्यांचं खाणंपिणं, झाडलोट सगळं तिच्याकडे. जडैयन तिचा सख्खा मामा. बारा दिवसांत ती कामावर एकदाही उशिरा आली नव्हती, पण गाणं म्हणायची थांबली होती.

"कपाटाची किल्ली कुठे असते, तुला माहीत आहे?"

"खणात. मला माहीत आहे, सुबेदार अय्यांना माहीत आहे, वरच्या साहेबांना माहीत आहे. मिळगूला पण माहीत असेल. का, अक्का?"

"गाय मेली त्या संध्याकाळी तू इथेच होतीस?"

तिनं डाव थांबवला. "सहा कुत्री, सहा थाळ्या. मी कुठे जाणार? संशय घ्यायला आता आमच्या घरातलं कोण उरलंय ते तरी सांगा."

"मी सगळ्यांनाच विचारतेय."

"मग अय्यांना विचारा. ते गेले होते फिरायला, सरावाची पिशवी घेऊन."

"कोणता कुत्रा होता बरोबर?"

"एकही नाही. मी हसले पण. म्हटलं, अय्या, आज पिशवीलाच फिरवून आणताय का? बोलले नाहीत. त्यांची बायको सोडून गेली ती उगाच नाही. तिलापण 'बस' म्हणत असतील, आणि बसली की चेंडू."

वरचे साहेब म्हणजे इम्मानुएल. शाळा चालवणाऱ्या संस्थेचे प्रमुख. ते कोइम्बतूरला असतात. मी त्यांना फोन लावला.

"त्या दिवशी सकाळी मी आलो, तुमच्या तराजूच्या खोलीत फोटो काढले आणि अकराच्या बसनं खाली उतरलो," ते म्हणाले. "गाय चार वाजता मारली ना? मग मला का विचारताय? बरं, तामरै, सोमवारी मी गाडी घेऊन येतोय. मिळगूच्या कागदावर तुमची सही असेल तर गाडी रेंजरच्या ऑफिसकडे जाईल आणि बाकीची पाच तिच्यामागून. नसेल तर सहाच्या सहा निवाऱ्यात परत. करार तसा आहे, आणि संस्थेकडे आणखी एक वर्ष नाही. आता 'पाहू' चालणार नाही."

सुबेदार चिन्नदुरै मैदानात होते. लष्करात बावीस वर्षं त्यांनी कुत्रीच शिकवली. मिळगूला त्यांनीच निवडलं होतं. निवाऱ्यात मागच्या रांगेत होती ती, काळी, हनुवटीखाली तपकिरी, एक कान फाटका. एका घरानं तिला नेऊन परत आणून सोडलं होतं, कारण ती सोफा फाडायची आणि चेंडू सोडायची नाही. सुबेदारांनी उंच गवतात चेंडू फेकला आणि घड्याळ लावलं. बाकीची कुत्री दोन मिनिटांत कंटाळली. मिळगू चाळीस मिनिटं शोधत राहिली. ज्या वेडापायी कुणी तिला घरात ठेवत नव्हतं, तेच आम्हाला हवं होतं.

आता ते पोत्यात वीत-वीत अंतरावर तीन डब्या लपवत होते. मी विचारलं, तीन का?

"एकच ठेवली तर कुत्रं नशिबानं सापडवतं, अम्मा. तीन ठेवल्या की नाकानं." पोत्यावरून हात फिरवत ते म्हणाले, "सोमवारी काय करणार?"

"अजून ठरलं नाही."

"कट्टै आठवतो?"

आठवत होता. पहिल्या वर्षी आम्ही नापास करून परत पाठवलेला कुत्रा. दुसऱ्यांदा परत आलेल्याला कुणी नेत नाही. निवाऱ्यात तो दाराकडे तोंड करून बसला आणि पाचव्या दिवशी मेला. पाणीसुद्धा प्यायला नव्हता.

"आठवतो ना?" सुबेदार म्हणाले. "मला रोज आठवतो."

४

गोळ्या अजून कुठे लपवलेल्या असतील तर त्या शोधायचा सोपा उपाय माझ्याकडे होता. रविवारी सकाळी सुबेदार बाजारात गेले तेव्हा मी मिळगूला पट्टा लावला आणि एकेका खोलीतून नेलं.

सुबेदारांच्या खोलीत ती पलंगाखालून, पेटीवरून, टांगलेल्या पिशवीवरून नाक फिरवत गेली. पिशवीपाशी क्षणभर थांबली. बसली नाही, पिशवी धुतलेली होती. कोठारात काही नाही. पडवीत काही नाही.

स्वयंपाकघराच्या दाराशी तिचं शेपूट ताठ झालं.

मी पट्टा सैल सोडला. ती चुलीला वळसा घालून, भाताच्या पातेल्याकडे ढुंकूनही न बघता, कोपऱ्यातल्या फडताळापाशी गेली. तिसऱ्या फळीकडे तोंड केलं. आणि बसली.

तिच्या नोंदवहीत ही चूक आधी चौदा वेळा लिहिलेली होती. 'स्वयंपाकघरात खोटी बैठक.' सुबेदार तिला चटोर म्हणायचे. चौदाही वेळा आम्ही तिला ओढून बाहेर काढलं होतं, त्या फळीवर काय आहे हे एकदाही न बघता.

फळीवर कोकिलाचा पत्र्याचा डबा होता. मागून पाऊल वाजलं. कोकिला दारात उभी होती.

"उघडा, अक्का," ती म्हणाली. "तुम्हाला उघडायचाच आहे ना."

५

डब्यात सुईदोरा, सुपारी, तिच्या आईचा एक फोटो आणि कापडात गुंडाळलेला काळपट मेणाचा गोळा होता. औषध नव्हतं.

"हे कुठलं?"

"तुम्हीच दिलं होतं. दोन वर्षं झाली. टाचांच्या भेगांना लावायला." तिनं पाय पुढे केला. "रोज लावते. विष असतं तर मी आज भात शिजवत नसते."

मी तो गोळा हुंगला. त्याला धुराचा, रानमधाचा वास होता. आणि मग मला सगळं आठवलं, ज्या क्रमानं घडलं त्या क्रमानं.

दोन वर्षांपूर्वी रानमध काढणाऱ्या कुरुंब आदिवासींनी कड्यावरून एक मोठं पोळं उतरवलं होतं. त्याचं मेण मी वितळवलं, थोडं कोकिलाला दिलं, आणि उरलेल्यात जांभळे दाणे घालून एकाच दिवशी, एकाच भांड्यात सगळ्या गोळ्या केल्या. कोऱ्या गोळ्याही केल्या, नुसत्या मेणाच्या. कुत्र्यानं मेणावर बसू नये, औषधावर बसावं, म्हणून सरावात त्या शेजारी ठेवाव्या लागतात. इथपर्यंत सगळं शास्त्राला धरून होतं. पण कोऱ्या गोळ्या चावल्या जातात, लाळेनं खराब होतात. त्या संपल्या तेव्हा मी दुकानातलं पिवळं मेण आणलं आणि नव्या केल्या. दर महिन्याला करत राहिले. विषाच्या गोळ्या मात्र कधी बदलल्या नाहीत. विष टाकायचं कुठे, हा प्रश्न नको म्हणून.

त्या दिवसापासून कुत्र्यांपुढे दोन वास होते. नवं मेण, त्यावर बसायचं नाही. जुनं मेण, त्यावर बसायचं. जुन्या मेणाचा वास दाण्यांपेक्षा कितीतरी दांडगा. त्यांनी सोपं ते उचललं.

तपासल्याशिवाय मी हे मानणार नव्हते. मी कोकिलाला झाकणाला भोकं असलेल्या चार डब्या दिल्या: नुसते दाणे, नवं मेण, तिच्या गोळ्यातलं जुनं मेण, आणि आमची विषाची गोळी. ओळ तिनं लावायची, मी भिंतीआड, म्हणजे माझ्या चेहऱ्यावरून कुत्र्याला काही कळू नये. प्रत्येक खेपेला जागा बदलायच्या. दहा खेपा.

जुन्या मेणावर मिळगू दहाच्या दहा वेळा बसली. आमच्या गोळीवरही दहा वेळा. नुसत्या दाण्यांवरून, ज्यांनी ती वाघीण मारली त्या दाण्यांवरून, ती दहाही वेळा पुढे निघून गेली. एकदा तर त्या डबीच्या भोकांना तिनं जीभ लावली. मी तिचं तोंड तीनदा धुतलं आणि तासभर तिच्यापाशी बसून राहिले. तिला काही झालं नाही. बाकीच्या पाच कुत्र्यांना मी दुपारी तपासलं, त्या डबीवर दुहेरी जाळी बांधून. निकाल तोच.

"म्हणजे मामाच्या गाईत…" कोकिला म्हणाली आणि थांबली.

"तुझ्या मामाकडे हे मेण नव्हतं. मिळगू गाईपाशी बसली, म्हणजे गाईत आपल्या गोळ्या होत्या."

"मग हे जाऊन सांगा ना रेंजरला."

"सांगायचं तर आधी हेही सांगावं लागेल, की तिला विष ओळखताच येत नाही."

कोकिलानं मिळगूकडे बघितलं. मिळगू चेंडूची वाट बघत होती. तिच्या हिशेबानं तिनं वीस वेळा बरोबर उत्तर दिलं होतं.

६

सुबेदार संध्याकाळी पायरीवर बसून मिळगूच्या कानातल्या गोचड्या काढत होते. मी त्यांच्या शेजारी बसले.

"गाईला तीन चिरा होत्या," मी म्हणाले. "वीतभर अंतरावर."

त्यांचा हात थांबला नाही.

"सहा गोळ्या कमी आहेत. तीन चिरांत दोन-दोन. इम्मानुएल सर अकराला खाली गेले, गाय चारला पडली. कोकिला चुलीपाशी होती. तुम्ही कुत्र्याशिवाय सरावाची पिशवी घेऊन गेलात आणि परत येऊन रेंजरना फोन केलात. पिशवी नंतर धुतलीत. वर्षभरात ती कधी धुतलेली मी पाहिली नव्हती."

"अजून?"

"अजून काही नाही. घाबरलेला माणूस जखमेवर चोळून पळतो. मोजून तीन ठिकाणी लपवतो तो शिक्षक."

त्यांनी एक गोचडी दगडावर चिरडली. "सकाळी सहाला काढून घेणार होतो, अम्मा. रेंजरसमोर मिळगू बसली की लगेच. रात्रीपुरतं. लोकांनी एवढे डबे वाजवले, फटाके लावले, वाटलं ती दोन दिवस फिरकणार नाही." त्यांचा आवाज तसाच राहिला, संथ. "तिला तीन पिल्लं होती. उपाशी पिल्लांची आई डब्यांना घाबरत नाही. बावीस वर्षं जनावरांत काढली मी, आणि हे मला कळलं नाही."

"का केलंत?"

"तुम्ही तीनदा 'पाहू' म्हणालात. चौथ्यांदा काय म्हणणार ते दिसत होतं."

 माझं उत्तर पहिल्याच खेपेला हो किंवा नाही झालं असतं, तर ती पिशवी त्या संध्याकाळी खुंटीलाच राहिली असती.

मग मी त्यांना मेणाचं सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. मिळगूच्या फाटक्या कानावर त्यांचा अंगठा फिरत राहिला.

"म्हणजे दोन वर्षं आपण तिला मेण शिकवलं."

"मी शिकवलं. गोळ्या माझ्या होत्या."

"हे अजून कुणाला माहीत आहे?"

"कोकिलाला."

 मग हळू म्हणाले, "ऐका. उद्या सकाळी मी रेंजरकडे जातो. सांगतो, वाघिणीवर माझा राग होता. मिळगूला घेऊन ओढ्यावर गेलो होतो तेव्हा अंगावर आली होती, म्हणून मी मारली. कपाटातून गोळ्या चोरल्या. जडैयन दुपारी घरी येईल. कुत्रीचा काही दोष नाही, उलट तिनं स्वतःच्या मालकाला पकडून दिलं. पेपरवाल्यांना आवडेल. मेणाचं तुम्ही बोलू नका. सही करा. नंतर हळूहळू नव्यानं शिकवून घ्या, कुणाला कळायचं नाही."

"तुम्ही सात वर्षं आत जाल. खोटं कारण सांगून."

"कारण कुठलंही सांगितलं तरी वाघीण मेलेलीच आहे. मी तसाही आत जाणार. मग सहा जीव तरी बाहेर राहू देत."

मिळगू आमच्या दोघांमध्ये आडवी झाली होती. सुबेदार उठले आणि आत गेले. मला उत्तर द्यायला त्यांनी वेळच ठेवला नाही.

७

सोमवारी दहाला पडवीत टेबल मांडलेलं होतं. त्यावर मिळगूचा परीक्षेचा कागद, वाऱ्यानं उडू नये म्हणून वर एक दगड. फाटकाशी इम्मानुएल सरांची गाडी उभी होती, मागचे पिंजरे उघडे. कुत्र्यांना गाडीचा वास आला होता. सहाही एकदम गप्प होती, आणि सहा कुत्री एकाच वेळी गप्प असलेली मी त्याआधी ऐकली नव्हती.

"सुबेदार सकाळीच आले होते माझ्याकडे," वेल्लिंगिरी म्हणाले. त्यांच्या आवाजात नेहमीची थट्टा नव्हती. "सगळं सांगितलं. रागाच्या भरात केलं म्हणतात. जडैयनला सोडायचा कागद गेला उटीला."

सुबेदार खांबाशी उभे होते, हात मागे, पाय जोडून. त्यांच्या दोन्ही बाजूंना दोन वनरक्षक, थोडे अवघडलेले. दोघांनाही त्यांनीच कधीतरी कुत्रं धरायला शिकवलं होतं.

"वाईट झालं," इम्मानुएल सर म्हणाले. "फार वाईट. पण कुत्र्यांवर डाग नाही, हे महत्त्वाचं. उलट आता कुणी शंका घेणार नाही. तामरै, सही करून टाका म्हणजे निघू."

कोकिला चहा घेऊन आली. माझ्यापुढे पेला ठेवताना ती वाकली आणि फक्त मला ऐकू येईल असं म्हणाली, "मामा सुटला, अक्का. आता मिळगूलाही सोडवा. मी कधी काही बोलणार नाही."

मी पेन उघडलं. सुबेदार माझ्याकडे बघत नव्हते. ते मिळगूकडे बघत होते.

त्यांचं गणित मी सकाळपासून तपासत होते. जडैयन सुटत होता. सुबेदार तसेही वाचत नव्हते. शाळा राहत होती, सहा कुत्री राहत होती, माझं नावही राहत होतं. नव्यानं शिकवायला वर्ष लागलं असतं. त्या वर्षात काय झालं असतं, एवढं एकच त्यांच्या गणितात धरलेलं नव्हतं.

"लवकर करा, डॉक्टरम्मा," वेल्लिंगिरी म्हणाले. "काल ओढ्यापलीकडे एक म्हैस पडलीय. अंगावर जांभळं काहीतरी दिसतंय म्हणतात पोरं. माझी माणसं तिथे जायला घाबरतात. म्हटलं, मिळगूलाच आधी सोडू. ती बसली तर विष. नाही बसली तर म्हैस सुरक्षित, ओढून आणायला सांगतो."

मला त्या डबीच्या भोकांवर फिरलेली तिची जीभ दिसली. त्यानंतर म्हशीच्या पायांना उघड्या हातांनी दोर बांधणारी माणसं दिसली.

"पास ना?" इम्मानुएल सरांनी विचारलं.

सुबेदारांनी मान अगदी थोडी हलवली. नको, खरं सांगू नका, असं. दोन वर्षांत त्यांनी माझ्याकडे दुसरं काहीच मागितलं नव्हतं.

मी पेन बंद केलं.

"त्या म्हशीजवळ कुणालाही जाऊ देऊ नका," मी म्हणाले. "मिळगू नापास आहे. सहाही नापास आहेत."